नाईलच्या निळ्या कुमुदिनीचा चहा झोपेसाठी घ्यावा का?

प्रश्न : गेले काही महिने मला शांत झोप लागत नाही. डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी एक सौम्य गोळी दिली आहे, पण ती कायमची मागे लागू नये असे वाटते. इंटरनेटवर ‘ब्लू लोटस’ या नावाने वाळवलेली निळी फुले मिळतात. प्राचीन इजिप्तमध्ये ही फुले पवित्र मानत, वाइनमध्ये भिजवून पीत, राजांच्या थडग्यांतही ती सापडली आहेत, आणि त्यांच्या चहाने चिंता जाऊन गाढ झोप लागते, असे विक्रेते लिहितात. आयुर्वेदातही नीलकमळ औषधी सांगितले आहे, म्हणून विश्वास बसू लागला आहे. हा चहा गोळीबरोबर घेतला तर चालेल का? माझा कॉलेजात जाणारा भाचा याच फुलाचा अर्क व्हेपमधून (ई-सिगारेटमधून) ओढतो आणि ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असे सांगतो. त्याला काय सांगावे? — एक वाचक

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. झोपेची गोळी चालू असताना हा चहा घेऊ नये, आणि भाच्याने व्हेपमधून अर्क ओढणे आजच थांबवावे. असे का, हे सांगण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल, कारण विक्रेत्यांच्या मजकुरात खरा इतिहास, अर्धवट इतिहास आणि निव्वळ जाहिरात यांची सरमिसळ झालेली आहे आणि तिच्यातून आपल्यासारख्या सुज्ञ वाचकाचाही गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

पहिला गोंधळ वनस्पतीच्या ओळखीचा आहे. इजिप्तची ही पवित्र वनस्पती म्हणजे आपल्या लक्ष्मीच्या हातातले कमळ नव्हे. ती कुमुदिनी आहे, म्हणजे वॉटर लिली. शास्त्रीय नाव निम्फिया सेरुलिया. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेला फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ज्यूल-सेझार साव्हिन्यी याने तिचे शास्त्रीय वर्णन केले. कमळ, म्हणजे निलंबो न्यूसिफेरा, हे वेगळ्या कुळातले आहे, आणि वनस्पतींच्या वंशवृक्षावर त्याचे जवळचे नातेवाईक पाण्यातले नसून चिनारासारखे वृक्ष आहेत, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही प्रथम ऐकताना खरी वाटत नाही. तळ्याच्या काठी उभे राहून फरक ओळखायचा असेल तर पान पाहावे. कमळाचे पान पूर्ण गोल असते, त्याचा देठ मधोमध जोडलेला असतो आणि मोठी पाने पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात. कुमुदिनीचे पान पाण्यावर पसरलेले असते आणि देठापासून कडेपर्यंत त्याला एक खोल चीर असते. कमळाच्या फुलात मधोमध तो ओळखीचा, भोके असलेला, शंकूसारखा भाग असतो. कुमुदिनीत तो नसतो.

इजिप्तमध्ये मुळात दोन कुमुदिनी होत्या. निळी सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते, तिच्या पाकळ्या टोकदार असतात आणि बाहेरच्या हिरव्या निदलांवर काळपट-जांभळ्या रेषा असतात. पांढरी, म्हणजे निम्फिया लोटस, संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. तिच्या पाकळ्या गोलसर आणि पानांची कड दातेरी असते. थडग्यांच्या भिंतींवरील चित्रांत या दोन्ही इतक्या काटेकोरपणे वेगळ्या रंगवलेल्या आहेत, की हजारो वर्षांनंतरही अभ्यासक पाकळीच्या टोकावरून जाती ओळखतात. खरे कमळ इजिप्तमध्ये आले ते बरेच उशिरा, साधारणपणे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास, इराणी सत्तेच्या काळात. त्यामुळे फॅरो राजांच्या वैभवकाळातील चित्रांना सरसकट ‘कमळ’ म्हणणे चुकीचे आहे, जरी इंग्रजी पुस्तकांनी ‘लोटस’ हा शब्द इतका रूढ केला आहे की आता तो बदलणे कठीण दिसते.

आता इतिहासाकडे वळतो, कारण या फुलाचा खरा मान तिथे आहे आणि वाइनची गोष्ट सोडली तर त्यात विक्रेत्यांनी फारसे काही वाढवलेले नाही. रोज सकाळी पाण्यातून वर येऊन सूर्याबरोबर उघडणारे आणि नंतर मिटणारे हे फूल इजिप्तच्या लोकांना सृष्टीच्या आरंभाचे रूप वाटले. सर्वत्र केवळ आदिजल होते, त्यातून एक कुमुदिनी वर आली, ती उमलली आणि तिच्यातून सूर्य बालकाच्या रूपाने प्रकटला, अशी त्यांची एक उत्पत्तिकथा आहे. या फुलाचा स्वतंत्र देवही होता, नेफरतेम. त्याच्या डोक्यावर हेच फूल असते. इ.स.पू. २३५० च्या सुमारास उनास या राजाच्या पिरॅमिडमध्ये कोरलेल्या मंत्रांत तो ‘रे या सूर्यदेवाच्या नाकाशी असलेले कुमुदपुष्प’ म्हणून येतो. नाकाशी असलेले, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी मृताबरोबर ठेवल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात ८१ क्रमांकाचा मंत्र मृताला कुमुदिनीचे रूप धारण करता यावे म्हणून आहे. ब्रिटिश म्युझियममधील हुनेफर या लेखनिकाच्या पपायरसवर, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून बनवलेल्या कागदाच्या गुंडाळीवर, मृताच्या न्यायाच्या प्रसंगाचे प्रसिद्ध चित्र आहे. त्यात मृतांचा देव ओसायरिस याच्या सिंहासनासमोर उमललेल्या कुमुदिनीवर होरस देवाचे चार पुत्र उभे आहेत. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातून मिळालेले एक लाकडी शिर तर या कल्पनेचे मूर्त रूपच म्हणता येईल: निळ्या फुलातून बालराजाचे मस्तक वर येते आहे, जणू राजा सूर्यासारखा पुन्हा जन्मतो आहे. त्याच राजाच्या सर्वांत आतल्या शवपेटीवरील फुलांच्या हारात खऱ्या निळ्या कुमुदिनीच्या पाकळ्या गुंफलेल्या होत्या. दैर अल-बहरी येथे १८८१ साली उजेडात आलेल्या राजमम्यांबरोबरही असे हार मिळाले, आणि जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्वाइनफुर्ट याने ते सुकलेले हार पाण्यात मऊ करून त्यांतील पाने-पाकळ्या ओळखल्या. तीन हजार वर्षांपूर्वी वाळलेली पाकळी पाण्यात पुन्हा उलगडत असताना पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

कर्नाकच्या मंदिरात तिसरा थुतमोस या राजाने उभारलेल्या दोन खांबांपैकी एकावर दक्षिण इजिप्तचे चिन्ह असलेली लिली आणि दुसऱ्यावर उत्तरेचे चिन्ह असलेले पपायरस कोरलेले आहे. चित्रलिपीत हजार ही संख्या लिहिण्यासाठी कुमुदिनीचेच चिन्ह वापरत. पाणथळीत ती किती मुबलक असेल याचा अंदाज त्यावरून बांधायला हरकत नाही.

मग वाइनचे काय? थडग्यांतील मेजवान्यांच्या चित्रांत, उदाहरणार्थ इ.स.पू. १३५० च्या सुमाराच्या नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रांत, पाहुण्यांच्या कपाळावर कुमुदिनीची फुले बांधलेली असतात, काही जण फूल हातात धरून हुंगत असतात, आणि वाइनच्या रांजणांभोवतीही याच फुलांचे देठ गुंडाळलेले दिसतात. या साहचर्यावरून विल्यम एम्बोडन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७८ पासून लिहिलेल्या लेखांत असा तर्क मांडला, की निळी कुमुदिनी वाइनमध्ये भिजवून तिचा मादक अंश पुरोहित व सरदार मंडळी घेत असावीत. आज इंटरनेटवर जो मजकूर ‘इजिप्तची परंपरा’ म्हणून फिरतो त्याचे मूळ बहुतांशी या तर्कात आहे. तो अभ्यासकाने मांडलेला आणि विचार करण्याजोगा तर्क आहे, पण तो तर्कच आहे. कुमुदिनी वाइनमध्ये भिजवून नशेसाठी प्यावी, असे सांगणारा फॅरोंच्या काळातील स्पष्ट लेख त्याच्या पाठीशी नाही.

माझे स्वतःचे मत या तर्काच्या विरुद्ध झुकते, आणि त्याची कारणे दोन. एक म्हणजे इजिप्तचे लोक नशेबद्दल अजिबात संकोची नव्हते. हाथोर देवीच्या भक्तीत ‘मद्यधुंदीचा उत्सव’ असे उघड नाव असलेला सण होता, आणि तिथे बिअर व वाइन यांचा उल्लेख मोकळेपणाने येतो. अशा लोकांना कुमुदिनीची नशा ठाऊक असती तर तेवढ्याबाबतीत त्यांनी मौन का पाळावे, याचे उत्तर मला सापडत नाही. दुसरे कारण चित्रांतच आहे: फूल जवळजवळ नेहमी नाकाशी असते, ओठांशी नसते. निळ्या कुमुदिनीला मंद, गोड सुगंध आहे, पांढरीला तसा मोहक सुगंध नाही, आणि श्वासाबरोबर आत जाणारा सुगंध म्हणजे जीवनशक्ती ही कल्पना नेफरतेमच्या मंत्रातही आहे. पेल्यांचीही गोष्ट अशीच. कुमुदिनीच्या आकाराचे निळ्या फेयन्सचे (चकाकी दिलेल्या मातीसारख्या पदार्थाचे) पेले मोठ्या संख्येने मिळाले आहेत. पांढऱ्या कुमुदिनीच्या रुंद आकाराचे पेले पिण्यासाठी आणि निळीच्या निमुळत्या आकाराचे पूजाविधीसाठी असावेत, असे अभ्यासक मानतात. ज्या फुलाची वाइन पीत असत असे सांगितले जाते, त्याच्या आकाराचा पेला विधीसाठी राखून ठेवलेला असावा, ही बाब मला बोलकी वाटते.

अन्न म्हणून मात्र कुमुदिनीचा वापर निःसंशय होता. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, की नाईलचा पूर मैदानात पसरला म्हणजे पाण्यात ही फुले विपुल उगवतात; लोक ती तोडून उन्हात वाळवतात, मधला खसखशीच्या बोंडासारखा भाग कुटून त्याच्या भाकऱ्या भाजतात, आणि गोलसर, सफरचंदाएवढा, गोडसर कंदही खातात. औषधाचा पुरावा त्यामानाने तुटपुंजा आहे. इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा एबर्स पपायरस, जो आज लायपझिगच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे, त्यातील काही योगांत कुमुदिनी इतर अनेक द्रव्यांबरोबर येते. म्हणजे ती मिश्रणातला एक घटक आहे. कपभर गरम पाण्यात एकटे फूल टाकून झोपेसाठी घेण्याची आजची रीत त्या कागदावरून काढता येत नाही.

आयुर्वेदाचा आपला मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण तिथे नाते खरोखर जवळचे आहे. संस्कृत ग्रंथांतील नीलोत्पल सामान्यतः निम्फिया नौचाली ही आपल्याकडची निळी कुमुदिनी मानतात, आणि बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ आता इजिप्तच्या जातीला तिचाच एक उपप्रकार समजतात. चरकसंहितेतील मूत्रविरजनीय, म्हणजे मूत्राचा रंग पालटणाऱ्या द्रव्यांच्या, गणात पद्म, उत्पल, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक ही सारी जलपुष्पे एकत्र येतात, आणि सुश्रुताचा उत्पलादि गण दाह, तहान, रक्तपित्त (रक्तस्राव), ओकारी, मूर्च्छा अशा तक्रारींवर सांगितला आहे. युनानी वैद्यकात निलोफरचे सरबत डोकेदुखी व उष्णतेच्या तक्रारींवर आजही देतात. या सर्व परंपरांचा रोख एकाच दिशेने आहे: शीतल, पित्तशामक, दाह कमी करणारे द्रव्य. शरीराची तलखी शांत झाल्यावर माणसाला झोप लागणे शक्य आहे, आणि अनुभवी वैद्य तसा विचार करून हे द्रव्य योजतीलही, परंतु ‘स्वप्ने रंगीत करणारे, भान हलके करणारे फूल’ हे वर्णन या ग्रंथांच्या गुणवर्णनात बसत नाही. शिवाय वैद्य देतात ते ओळख पटलेले द्रव्य, ठरलेल्या मात्रेत, प्रकृती पाहून. पाकिटावर आयुर्वेदाचे नाव घेतल्याने ती शिस्त पाकिटात येत नाही.

रसायनशास्त्र थोडक्यात सांगतो. या कुमुदिनीत न्यूसिफेरीन नावाचा अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे एक वनस्पतिजन्य रसायन, आढळतो. त्याचे नाव कमळाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे, कारण तो कमळाच्या पानांतही असतो. प्रयोगशाळेत तो डोपामीन व सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनांच्या ग्राहकांवर, म्हणजे ती रसायने जिथे जोडली जातात त्या पेशींवरील जागांवर, परिणाम करतो असे दिसले आहे, म्हणजे मेंदूवर काहीच परिणाम नाही असे म्हणता येत नाही. अल्कलॉइड साध्या पाण्यात फारसे उतरत नाहीत, मद्यार्कात बरेच उतरतात, त्यामुळे चहाचा एक पेला आणि घट्ट अर्काचा एक थेंब यांत पुष्कळ अंतर असते. ॲपोमॉर्फिन हे दुसरे नाव विक्रेते मोठ्या अभिमानाने घेतात. ते मॉर्फिनवर आम्लाची प्रक्रिया करून एकोणिसाव्या शतकात तयार केलेले औषध आहे, आज पार्किन्सनच्या आजारात वापरतात, आणि उलटी घडवण्याची त्याची ताकद प्रसिद्ध आहे. या फुलात ते खरोखर असते का, यावर विश्लेषकांचे एकमत नाही. असेल तर ते सुखनिद्रेचे लक्षण कसे, हे विक्रेत्यांनाच विचारावे लागेल. माणसांना किती मात्रा दिल्यावर झोप किती सुधारते, हे ठरवणाऱ्या भक्कम चाचण्या झालेल्या नाहीत.

धोक्याचा पुरावा मात्र आहे, आणि तो भाच्याला जरूर वाचून दाखवावा. अमेरिकेतील एका लष्करी वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये पाच सैनिकांची हकिगत आली. निळ्या कुमुदिनीची उत्पादने वापरल्यानंतर गोंधळलेल्या मनोवस्थेत त्यांना तातडीच्या विभागात आणावे लागले. पाचांपैकी चौघांनी ती व्हेपमधून ओढली होती आणि एकाने पेयातून घेतली होती. व्हेपमध्ये घट्ट अर्क वापरला जातो आणि तो फुप्फुसांतून थेट रक्तात जातो. पोटाला जो सावकाशपणा असतो तो तिथे नसतो. त्यातही बाटलीत नेमके काय आहे हे ओढणाऱ्याला ठाऊक नसते. इजिप्तमध्ये कोणी या फुलाचा धूर किंवा वाफ ओढत असल्याचा पुरावाही नाही, तेव्हा परंपरेचा आधार इथे घेताच येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे फूल मानवी सेवनासाठी मंजूर केलेले नाही, लुईझियाना राज्याने त्याच्या सेवनासाठीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत, आणि लॅटव्हिया, पोलंडसारख्या देशांनीही त्यावर बंदी आणली आहे. ‘नैसर्गिक आहे’ या युक्तिवादाला उत्तर म्हणून धोतऱ्याची आठवण करून द्यावी. तोही नैसर्गिकच आहे. मात्र भाच्याशी बोलताना रागावू नये. अर्क का ओढावासा वाटतो, झोप येत नाही की ताण आहे की मित्रांचा आग्रह आहे, हे विचारल्यास अधिक उपयोग होईल. छातीत धडधड, भास, न उठवता येणारी गुंगी यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, आणि काय ओढले हे तिथे स्पष्ट सांगावे. शक्य असल्यास बाटलीही बरोबर न्यावी.

आपल्यापुरते सांगायचे तर झोपेची गोळी आणि गुंगी आणू शकणारे दुसरे द्रव्य एकत्र आले, की दोन्हींचा परिणाम एकमेकांवर चढतो, आणि रात्री उठताना तोल जाण्यापासून सकाळी वाहन चालवताना डुलकी लागण्यापर्यंत काहीही घडू शकते. डोपामीनवर काम करणारी औषधे, मानसिक आजारांवरील औषधे किंवा मद्य यांच्याबरोबरही हे फूल घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. चहासाठी गोळी स्वतःहून बंद करणे हा त्याहून वाईट मार्ग होईल, कारण काही गोळ्या एकदम सोडल्यास निद्रानाश दुप्पट जोराने परततो. गोळी कमी करण्याची आपली इच्छा रास्त आहे. ती डॉक्टरांना स्पष्ट सांगावी आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा आराखडा मागावा. औषधाविना निद्रानाशावर वर्तनोपचाराची एक सिद्ध पद्धत आहे, जिच्यात झोपण्याच्या वेळा आणि अंथरुणातला वेळ यांची शिस्तबद्ध आखणी करतात. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून डॉक्टर आता तिचीच शिफारस करतात. त्याबद्दल आवर्जून विचारावे. आयुर्वेदाचा मार्ग घ्यायचा असल्यास नोंदणीकृत वैद्यांकडे जावे आणि चालू गोळीचे नाव त्यांना दाखवावे.

आणि फुलाची ओढ वाटत असेल तर ती मारण्याचे कारण नाही. निळी कुमुदिनी रुंद, बिनभोकाच्या कुंडीत चांगली येते. तळाशी चिकणमाती घालावी, तीत कंद रोवून शेंडा उघडा ठेवावा, वर जाडसर वाळूचा थर द्यावा आणि हळूहळू पाणी भरावे, म्हणजे ते गढूळ होत नाही. दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळायला हवे. सावलीत पाने येतात, फुले येत नाहीत. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून पाण्यात लहान मासे सोडावेत. एक फूल साधारण तीन दिवस उघडते-मिटते. पहिल्या दिवशी त्याच्या मध्यभागी गोड द्रवाची एक लहानशी वाटी भरलेली असते, तीत पडणारा कीटक आपल्या अंगावरचे पराग धुऊन टाकतो आणि पुष्कळदा तिथेच बुडतो. दुसऱ्या दिवसापासून ती वाटी झाकली जाते आणि पुंकेसर परागांनी भरतात. हुंगायचे असल्यास सकाळी ऊन चढण्यापूर्वी जावे, त्या वेळी सुगंध सर्वांत स्पष्ट असतो.